ट्रफलवरची चवदार साखर : कोल्हापुरात केलेल्या कामाच्या नोंदी

काम एवढंच : घरी केलेल्या चॉकलेट ट्रफलला, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या मऊ गोळ्याला, बाहेरून चवीच्या साखरेचं वेष्टण द्यायचं. ते खाणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत कोरडं, दाणेदार आणि वासासकट राहिलं पाहिजे. कोको पावडरमध्ये घोळवलेल्या ट्रफलला हा त्रास नसतो, साखरेला असतो. प्रमाणं वजनात दिली आहेत. चमच्याने मोजलं तर बारीक आणि जाड साखरेत बराच फरक पडतो. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागतोच. सुईचा थर्मामीटर आणि आर्द्रता दाखवणारा डिजिटल मीटर यांचे पैसेही पहिल्याच आठवड्यात वसूल होतात.

१४ सप्टेंबर

गनाश (ट्रफलच्या आतलं चॉकलेट-क्रीमचं मिश्रण) : ५४ टक्के कोकोचं डार्क कव्हर्चर (कोको बटर जास्त असलेलं चॉकलेट) ३०० ग्रॅम, २५ टक्के फॅटचं पाकिटातलं क्रीम १५० ग्रॅम, बिनमिठाचं बटर १५ ग्रॅम. क्रीमला कडेने बुडबुडे आले की गॅस बंद करून बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतलं. दोन मिनिटं हात न लावता ठेवून मग मधून बाहेर ढवळत गेलो. बटर मिश्रण ३५ अंशांवर आल्यावर घातलं. गरम असतानाच घातलं तर तूप वेगळं होऊन कडेला तवंग येतो. तसं झालंच तर चमचाभर कोमट दूध घालून ब्लेंडर फिरवावा, गनाश पुन्हा जुळतं. बारा ग्रॅमचे ३८ गोळे झाले.

साखर : लक्ष्मीपुरीच्या बाजारातून एस-३०, म्हणजे बारीक दाण्याची साखर घेतली. एम-३० चा दाणा मोठा, तो दाताखाली करकरतो आणि गळूनही पडतो. एस-३० सुद्धा थोडी मोडावी लागली. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात १०० ग्रॅमला दोन-तीन झटके, त्याहून जास्त नाही. आधी रव्याच्या चाळणीतून, मग मैद्याच्या चाळणीतून चाळली. मैद्याच्या चाळणीवर उरते ती कामाची. खाली पडते ती पिठी, ती चहाला. ५०० ग्रॅममधून कामाची साधारण ३०० ग्रॅम निघाली.

ताजी मोडलेली साखर लगेच डब्यात भरू नये. मिक्सरमध्ये ती गरम होते आणि दाणे फुटताना त्यांच्या पृष्ठभागाची घडी विस्कटते. तो भाग हवेतलं पाणी ओढतो आणि पुन्हा घट्ट बसताना शेजारच्या दाण्याला चिकटतो. सकाळी डब्यात वडी बसलेली सापडते. परातीत पसरून रात्रभर कोरड्या खोलीत ठेवावी, पुन्हा चाळावी आणि मगच भरावी.

१५ सप्टेंबर

आधी सर्वांत सोपी रीत : गोळा हातावर फिरवून थेट साखरेत. दिसायला उत्तम. चार तासांनी साखर पारदर्शक दिसायला लागली आणि रात्री गोळ्यांखालच्या बटर पेपरवर पाकाचे गोल डाग पडले. खोलीत आर्द्रता ७८ टक्के होती. पण दोष फक्त हवेचा नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेले गोळेही तसेच ओले झाले.

१८ सप्टेंबर

पाणी आतून येतं हे तपासायची घरगुती रीत : छोट्या हवाबंद डब्यात नुसते गनाशचे सहा गोळे आणि आर्द्रता मीटर ठेवायचा, झाकण लावायचं, सहा-सात तासांनी काचेतून आकडा वाचायचा. डब्यातली हवा गनाशच्या पाण्याशी जुळवून घेते आणि तोच आकडा मिळतो. इथे ८८ आला. शुद्ध साखर २५ अंशांना साधारण ८५ टक्क्यांच्या वर विरघळायला लागते. म्हणजे हे गनाश बाहेरच्या साखरेला सतत पाणी पाजत होतं. स्वस्त मीटरमध्ये चार-पाच टक्क्यांची चूक धरावी, पण एकाच मीटरने केलेली तुलना चालते.

क्रीममध्ये ३० ग्रॅम ग्लुकोज सिरप घालून दुसरी खेप केली. आकडा ८५. गनाश मऊसूत झालं, पण साखर तरी ओली झालीच, फक्त उशिरा. चॉकलेट वाढवून ३५० ग्रॅम केलं तर गोळा कडक होतो आणि ट्रफलची मजा जाते. तेव्हा आतलं पाणी अडवायला मधे भिंतच हवी. ती चरबीची, म्हणजे चॉकलेटच्या पातळ कवचाची. ग्लुकोज मात्र ठेवलं. एकूण खर्चात पाच-सहा रुपयांचाच फरक पडतो.

२१ सप्टेंबर

कवच. डार्क चॉकलेट ४८ अंशांपर्यंत वितळवलं, एक तृतीयांश चिरलेलं चॉकलेट त्यात घालून ढवळत ३१–३२ अंशांवर आणलं. सुरीच्या टोकावर थोडं घेऊन बघायचं. पाचेक मिनिटांत चकचकीत घट्ट झालं तर टेम्पर जमलं, म्हणजे कोको बटर नीट, टणक आणि चकचकीत गोठेल अशा अवस्थेत आलं. इथे वेळ वाया गेला तो खोलीच्या तापमानामुळे. दुपारी स्वयंपाकघर ३० अंशांवर, चॉकलेट बसेचना. पहाटे साडेपाचला काम सुरू केलं की खोली २२–२३ अंशांवर मिळते. एसी असेल तर फारच बरं, तो थंडाव्याबरोबर दमटपणाही कमी करतो. कूलर मात्र चुकूनही लावू नये.

पहिल्या घाण्यातले निम्मे गोळे अर्ध्या तासात तडकले आणि फटीतून गनाशचा ठिपका बाहेर आला. कारण गोळे थेट फ्रिजमधून काढले होते. थंड गोळ्यावर कवच लगेच आवळून बसतं, मग आतला गोळा खोलीच्या तापमानाला येताना फुगतो आणि कवच फोडतो. साखर लावल्यावर नेमकी त्या फटीपाशी ओल धरते. गोळा १८ ते २० अंशांवर हवा. आणि एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ बरे. हातमोजा घालून तळव्यावर अर्धा चमचा चॉकलेट घ्यायचं, गोळा फिरवायचा, बटर पेपरवर ठेवायचा. पहिला थर पूर्ण बसला की दुसरा. दोन्ही मिळून गोळ्यामागे अडीच ग्रॅम.

कंपाउंड चॉकलेट (कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असलेलं) वापरलं तर टेम्परिंगची कटकट वाचते. भिंत म्हणून तेही काम करतं. पण तोंडात मेणासारखा थर राहतो आणि दुसरा थर इतका झटकन बसतो की साखर लावायला वेळच उरत नाही. शिकण्यासाठी ठीक, द्यायच्या मालाला नाही.

२२ सप्टेंबर

साखर कधी लावायची, सगळी मेख इथे आहे. दुसरा थर दिल्याबरोबर घोळवलं तर दाणे चॉकलेटमध्ये बुडतात, वरून तपकिरी चिखल दिसतो. थर पूर्ण बसल्यावर घोळवलं तर साखर चिकटतच नाही. खूण अशी : ओली चकाकी मावळून पृष्ठभाग जरासा मंद दिसू लागला की गोळा साखरेत टाकायचा. २३ अंशांच्या खोलीत हे डार्कला साधारण अर्ध्या-पाऊण मिनिटात होतं. काट्याने उचलू नये, ओरखडे पडतात. परात हलवून गोळा गडगडवायचा आणि कवच टणक होईपर्यंत साखरेतच राहू द्यायचा. नंतर रव्याच्या चाळणीत हलकेच झटकायचा. गोळ्यावर दीड ग्रॅम साखर टिकते.

परातीतली साखर हळूहळू चॉकलेटच्या कणांनी मळते. दहा-पंधरा गोळ्यांनी चाळून घ्यावी. साखर गार नको, खोलीच्याच तापमानाची हवी.

साध्या साखरेचे हे गोळे बंद डब्यात आठवडाभर कोरडे राहिले. चवींकडे यानंतरच वळलो. ज्यांना थेट चवीच्या साखरेपासून सुरुवात करायची घाई आहे, त्यांनी आधी साधी साखर टिकवून दाखवावी.

(मुंग्या : परातीला पाण्याची आळी करायची जुनी सवय इथे नडते. साखरेच्या कडेलाच वाफ तयार होते. टेबलाचे पाय पाण्यात ठेवावेत, परात नाही.)

२८ सप्टेंबर

लिंबू. पिवळ्या पातळ सालीचा कीस ४ ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, बोटांनी चोळून. पांढरा भाग आला की कडूपणा येतो. वास अप्रतिम, पण साखर ओल्या वाळूसारखी झाली. पंख्याखाली पसरली तर या हवेत दुसऱ्या दिवशीही ओलसरच. ओटीजीची (घरगुती विजेच्या भट्टीची) खुंटी १०० अंशांच्या खाली जात नाही, आणि तिथे दहा मिनिटांत साल तपकिरी झाली, वास गेला.

जमलं ते असं. ओटीजी १०० वर तापवून बंद करायचा, दार दोन मिनिटं उघडं ठेवायचं, मग ट्रे आत. गार झाला की पुन्हा तेच. तीन वेळा केल्यावर साखर सुटी झाली. याहून सोपं म्हणजे साल आधीच वाळवणं : कीस टिपकागदावर पसरून मायक्रोवेव्हच्या सर्वांत कमी ताकदीवर २०–२० सेकंद, दर वेळी उलटून. कुरकुरीत झाला की साखरेसोबत मिक्सरचा एक झटका. चोळून केलेल्या साखरेइतका ताजा वास येत नाही, पण साखर कोरडी राहते.

५ ऑक्टोबर

कोरडे मसाले. १०० ग्रॅम साखरेला सुंठ ३ ग्रॅम. वेलची फक्त दाणे, २ ग्रॅम, साखरेच्या चिमटीबरोबर खलात कुटून. जायफळ अर्धा ग्रॅमच्या वर गेलं की औषधासारखं लागतं. या तिन्हींनी काही त्रास दिला नाही. वेलचीची साखर लागेल तशीच करावी, दोन आठवड्यांत वास निम्मा उडतो.

कॉफीने मात्र शिकवलं. इन्स्टंट कॉफीची पूड घातलेली साखर उघड्या वाटीत संध्याकाळपर्यंत चिकट झाली, गडद गुठळ्या पडल्या. इन्स्टंट कॉफी पाणी ओढण्यात साखरेच्या कितीतरी पुढे. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीही थोडी तशीच. चिकोरी नसलेली भाजलेली बी बारीक दळून मैद्याच्या चाळणीने चाळली, १०० ग्रॅम साखरेला ६ ग्रॅम. कोरडी राहिली, चवही खरी कॉफीची.

८ ऑक्टोबर

आंबट साखर. लिंबाच्या साखरेत दीड टक्का लिंबूसत्व घातलं. बंद बाटलीत ठीक, पण ट्रफलवर लावून ताट ७२ टक्क्यांच्या हवेत ठेवलं तर दोन तासांत गोळे घामेजले. साखर एकटी साधारण ८५ पर्यंत तग धरते, लिंबूसत्वाचा उंबरठा त्याहून खाली, आणि दोन्ही एकत्र आले की मिश्रणाचा उंबरठा दोघांपेक्षाही खाली उतरतो. शिवाय ओल आली की आम्ल साखरेची हळूहळू फोड करतं आणि त्यातून निघणारी फळसाखर आणखी पाणी ओढते. प्रमाण पाऊण टक्क्यावर आणलं तर आंबटपणा कळत नाही, घाम मात्र येतोच.

उपाय साखरेत नव्हता, कवचात होता. निर्जल लिंबूसत्व खलात अगदी बारीक करून दुसऱ्या थराच्या व्हाइट चॉकलेटमध्ये मिसळलं, १०० ग्रॅमला १ ग्रॅम. चरबीत ते पूर्ण गुंडाळलं जातं, हवेशी संबंध येत नाही. बाहेर फक्त सालीची साखर. चावल्यावर आधी लिंबाचा वास, मग गोडी, आणि मागून आंबटपणा. हा क्रम मूळ बेतापेक्षा चांगला निघाला. व्हाइटचं कामाचं तापमान २८–२९ अंश, आणि मंद होण्याची खूण यायला थोडा जास्त वेळ लागतो. आम्लाचे दाणे जाड राहिले तर जिभेवर टोचतात.

इथून पुढे नियम एकच : जे पाणी ओढतं ते चरबीत, जे कोरडं आणि वासाचं ते साखरेत.

११ ऑक्टोबर

फ्रिजची अडचण. ताज्या क्रीमचं गनाश बाहेर ठेवता येत नाही, ते फ्रिजमध्येच हवं आणि आठवड्यात संपवायला हवं. पण साखर लावलेला गोळा फ्रिजमधून उघड्यावर काढला की संपलंच. आज खोली २७ अंश, आर्द्रता ७५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २२ अंश. चार अंशांचा गोळा तिच्यात आला की त्यावर दव धरणारच. पाच मिनिटांत साखर ओली, सुकल्यावर पांढरे चट्टे.

डबा न उघडता दोन तास बाहेर ठेवून गोळे खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडला तर साखर जागेवर राहते. आपण हे पाळतो. घेऊन जाणारा पाळेल याची खात्री नाही. "डबा लगेच उघडू नका" अशी चिठ्ठी लावूनही लोक उघडतात.

म्हणून कामाची वाटणीच बदलली. गोळे पहिल्या थरापर्यंत करून हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये. द्यायच्या दिवशी पहाटे डबा बाहेर, दोन-अडीच तास बंदच. मग दुसरा थर आणि साखर. ३८ गोळ्यांना दोन माणसांत पाऊण तास पुरतो, एकट्याला दीड. त्या दिवशी खायचे असतील तर फ्रिजशी साखरेची गाठच पडत नाही.

१२ ऑक्टोबर

हिशोब, ३८ गोळ्यांचा : गनाश आणि कवचाचं चॉकलेट मिळून ४१० ग्रॅम, किलोला १२०० रुपयांनी ४९२. क्रीम ४५, बटर ९, ग्लुकोज ६, साखर ३. चवीचा खर्च केशर सोडलं तर दहाच्या आत. म्हणजे गोळ्यामागे साधारण पंधरा रुपये, वीज आणि मजुरी सोडून. साखरेचा खर्च नगण्य, डोकेदुखी सगळी तिचीच.

२ नोव्हेंबर

तिखट. कोल्हापुरात हे टाळून चालणार नव्हतं. लवंगी मिरचीची पूड, १०० ग्रॅम साखरेला १ ग्रॅम. चव बरी, पण गोळा तोंडात घालताना श्वास आत गेला की बारीक पूड थेट घशाला. चाखणाऱ्या प्रत्येकाला ठसका. पूड जाड ठेवली तर तिखट एकाच ठिकाणी लागतं.

पुन्हा तोच नियम. मिरचीचा तिखटपणा चरबीत विरघळतो. १० ग्रॅम कोको बटर ६० अंशांवर ठेवून त्यात बिया काढलेल्या लवंगीचे तुकडे १ ग्रॅम, वीस मिनिटं. गाळून ते २०० ग्रॅम डार्कमध्ये मिसळायचं आणि नंतर टेम्पर करायचं. कोको बटरऐवजी तूप वापरून पाहिलं तर कवच मऊ पडलं आणि बोटांचे ठसे उमटायला लागले. बाहेरच्या साखरेत ब्याडगीची पूड १ ग्रॅम, तीही रंगापुरती, आणि बारीक मीठ अर्धा ग्रॅम. पावसाळ्यात मीठ वगळावं. मिठाचा उंबरठा ७५ च्या आसपास, आणि साखरेबरोबर तोही खाली येतो. आता तिखट चॉकलेट वितळल्यावर सावकाश चढतं, ठसका नाही.

१६ नोव्हेंबर

गुऱ्हाळं सुरू झाली, नवा गूळ बाजारात आला. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी गुळाचं वेष्टण व्हावं ही सगळ्यांची फर्माईश. गुळात मुळातच ओलावा आणि फोडलेली साखर असते, त्यामुळे तो साध्या साखरेच्या कितीतरी आधी पाणी ओढतो. किसलेला गूळ लावलेले गोळे सकाळी काकवीत उभे होते, तेही कोरड्या हवेत. विकतची गूळ पावडर एक दिवस टिकली.

पावडर आधी ओटीजीत वरच्या रीतीने वाळवली. मग १०० ग्रॅम पावडरीवर ८ ग्रॅम वितळलेलं कोको बटर थेंब थेंब टाकत हाताने चोळलं, पसरून घट्ट होऊ दिलं, चाळलं. प्रत्येक कणावर चरबीचा हात बसतो. हे दोन दिवस टिकलं. शेवटी ३० भाग अशी पावडर आणि ७० भाग साखर ठरलं. गुळाचा खमंगपणा मुख्यतः गनाशमध्येच घातला : ग्लुकोज काढून त्याजागी ३० ग्रॅम गूळ, क्रीममध्ये विरघळवून आणि गाळून. निव्वळ गुळाच्या वेष्टणाचा हट्ट असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच आणि त्याच दिवशी खायला करावं.

२३ नोव्हेंबर

केशर कोरडं कुटलं तर साखरेत फक्त लाल ठिपके दिसतात, रंग सुटत नाही. त्याचा रंग पाण्यात सुटतो. ०.२ ग्रॅम केशर ३ मिली कोमट पाण्यात अर्धा तास, ते १०० ग्रॅम साखरेला चोळून लिंबाच्या साखरेसारखं वाळवलं. सोनेरी, एकसारखी. नोव्हेंबरच्या हवेत, ४५ टक्के आर्द्रतेला, पंख्याखाली एका रात्रीत वाळते. सप्टेंबरमध्ये हे शक्यच नव्हतं.

फ्रीज-ड्राइड स्ट्रॉबेरीची पूड साखरेत घातली की तासाभरात गुलाबी चिकटा. व्हाइट कवचात १०० ग्रॅमला ४ ग्रॅम घातली, रंग आणि आंबटपणा दोन्ही आले. गुलकंद बाहेर लावायचा विचारही करू नये. कोकम सोडून दिलं. बाजारातलं बहुतेक खारवलेलं असतं, साल वाळली तरी लवचिक राहते, दळली की लगदा होतो.

३० नोव्हेंबर

पॅकिंग. कागदी वाटीत एकेक गोळा, हवाबंद डब्यात एकच थर. दोन थर रचले की वरच्यांच्या वजनाने खालच्यांची साखर झडते. सिलिका जेलची खाण्याच्या मालासाठीची पुडी झाकणाला चिकटवावी, गोळ्यांना लागेल अशी ठेवू नये. लिंबू आणि वेलची एका डब्यात भरली तर संध्याकाळपर्यंत दोन्हींना वेलचीचाच वास येतो, कॉफी तर सगळ्यांवर बसते. चवीगणिक डबे वेगळे. बसने पुण्याला पाठवलेल्या डब्यात साखर टिकली, पण कवचाला एका बाजूने खरचटलं होतं. वाट्या घट्ट बसतील अशा खणांचा डबा घेतल्यावर ते थांबलं. खणांच्या डब्याला बारा रुपये जास्त पडतात.